आवाज मागे पडतो तो जोडावर: भागांतल्या व्हिडिओची डीव्हीडी करताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमाचे तुमच्याकडे चार भाग आहेत. पहिले तीन भाच्याच्या एव्हीसीएचडी (एचडी व्हिडिओच्या एका पद्धतीच्या) कॅमेऱ्यातले. मग कॅमेऱ्याची बॅटरी संपली, म्हणून चौथा 20 मिनिटांचा भाग मोबाइलवर घेतला. चारही भाग एका फुकटच्या कन्व्हर्टरने एमपी4 केलेत, एकापुढे एक जोडलेत आणि डीव्हीडी राइट केलीत, कारण उमरेडच्या आत्याकडे आजही डीव्हीडी प्लेअरच आहे. पहिला भाग चोख. दुसऱ्यात आवाज किंचित मागे. तिसऱ्यात गुरुजींचे ओठ मिटले तरी मंत्र चालूच. चौथा आधीच मागे सुरू होतो आणि संपेपर्यंत आणखी दोन सेकंद मागे जातो. वैतागून तुम्ही सगळ्या डीव्हीडीचा आवाज अर्धा सेकंद पुढे ओढलात, तेव्हा तिसरा भाग बसला आणि पहिला बिघडला.

तुम्ही हे इतकं नीट लिहिलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. माझ्याकडे नागपूरच्या महाल भागातल्या दुकानात लोक येतात तेव्हा एवढंच सांगतात, "भाऊ, आवाज मागं येऊन राहिला ना." कुठून मागे, किती मागे, वाढत जातो की तेवढाच राहतो, हे विचारून विचारून काढावं लागतं. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करत मला वीस वर्षांच्या वर झाली, आणि या तक्रारीत जवळजवळ प्रत्येक वेळी दोष तयार डीव्हीडीत नसतो. तो भागांच्या जोडावर असतो, नाहीतर एखाद्या भागाच्या आत. म्हणून तयार डीव्हीडीचा आवाज मागेपुढे ओढून काही साधत नाही. प्रत्येक भाग आपल्या जागी दुरुस्त करायचा, आणि मगच जोडायचा.

तुमच्याकडे खरं तर दोन वेगळे आजार आहेत. पहिल्या तीन भागांत आवाज पायरीपायरीने मागे जातो: भागाच्या आत फरक बदलत नाही, जोड आला की वाढतो. चौथ्यात तो उतारासारखा घसरत जातो. पायरीचं औषध उताराला चालत नाही आणि उताराचं पायरीला.

आधी पायरी. बऱ्याच कॅमेरा कार्डांवर फाइली ठेवायची एफएटी32 पद्धत असते, तिच्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. कॅमेरा तिथे, काही मॉडेल तर 2 जीबीलाच, फाइल तोडून पुढची सुरू करतात. तोडताना कॅमेरा वाक्य संपलं की नाही हे बघत नाही, चित्र आणि आवाज एकाच क्षणाला तुटले की नाही हेही बघत नाही. एव्हीसीएचडी कॅमेऱ्याच्या या एमटीएस फाइलीत चित्राची आणि आवाजाची छोटी पाकिटं एकमेकांत मिसळून ओळीने ठेवलेली असतात, आणि एकाच क्षणाचं चित्र आवाजाच्या थोडं आधी ठेवलेलं असतं. फाइल तुटली की त्या क्षणाचं चित्र पहिल्या फाइलीत राहतं आणि त्याचा आवाज दुसऱ्या फाइलीच्या तोंडाशी जातो. त्यात भर म्हणजे दुसरी फाइल पूर्ण फ्रेमने सुरू होतेच असं नाही. सुरुवातीच्या फ्रेम मागच्या फाइलीतल्या चित्रावर अवलंबून असतील तर कन्व्हर्टर त्या टाकून देतो. आवाज मात्र पहिल्या पाकिटापासून घेतो. आता आवाजाची सुरुवात आणि चित्राची सुरुवात दोन्ही शून्यावर ठेवली की झालं: आवाजाच्या तोंडाशी जो जादा तुकडा आहे, तेवढा तो कायमचा मागे. हा तुकडा अर्ध्या सेकंदापर्यंतही जाऊ शकतो.

आणि हा फरक त्या भागापुरता थांबत नाही. दुसऱ्या भागाचा आवाज त्याच्या चित्रापेक्षा 300 मिलिसेकंद लांब असेल आणि जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने आवाजाला आवाज, चित्राला चित्र असं लावलं, तर तिसऱ्या भागाचा आवाज जन्मतःच 300 मिलिसेकंद मागे. त्यात त्याचा स्वतःचा फरक मिळवा. तुमच्या तिसऱ्या भागात मंत्र ओठांच्या मागे का राहिले, ते यात आलं.

याच वर्गातला एक बारीक चोर आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. दाबलेला, म्हणजे जागा वाचवायला लहान केलेला, आवाज सलग नसतो, तो ठरावीक मापाच्या तुकड्यांत असतो. एएसी, एमपी2, एसी3 या आवाज दाबायच्या पद्धती. 48 किलोहर्ट्झला एएसीचा तुकडा साधारण 21 मिलिसेकंदांचा, एमपी2चा 24चा, एसी3चा 32चा, आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्राची फ्रेम 40 मिलिसेकंदांची. त्यामुळे भागाचं चित्र जिथे संपतं तिथे आवाज नेमका संपतच नाही, थोडा उरतो किंवा कमी पडतो. शिवाय एएसी आणि एमपी3 करताना एन्कोडर, म्हणजे आवाज दाबणारं सॉफ्टवेअर, सुरुवातीला थोडी रिकामी जागा घालतो. एका जोडाला हे कोणाला कळणारही नाही. पण डीएसएलआरवर, म्हणजे फोटोच्या मोठ्या कॅमेऱ्यावर, व्हिडिओ काढायचे दिवस सुरू झाले तेव्हा वसंतराव देशपांडे सभागृहातल्या एका गायनाच्या कार्यक्रमाचं काम माझ्याकडे आलं. 4 जीबीच्या मर्यादेमुळे बारा-बारा मिनिटांचे अकरा तुकडे. मी प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट करून जोडला. ख्यालात काही जाणवलं नाही. शेवटच्या द्रुत बंदिशीत तबलजींचा हात डग्ग्यावर पडून उठायचा आणि मग थाप ऐकू यायची. त्यांच्या गुरूंनी ते बघताक्षणी ओळखलं. सगळं काम मुळापासून पुन्हा केलं, आणि तेव्हापासून नियम केला: जोडण्याआधी आवाज दाबायचा नाही. प्रत्येक भागाचा आवाज साध्या, न दाबलेल्या वेव्ह फाइलीत काढायचा, सगळं जुळवणं वेव्हमध्येच करायचं, आणि एसी3 एकदाच करायचं, अगदी शेवटी.

आता तुमच्या तीन भागांचं प्रत्यक्ष काम. कन्व्हर्ट केलेल्या एमपी4 बाजूला ठेवा, त्या वापरू नका. मूळ कार्ड किंवा त्याची पूर्ण कॉपी शोधा. नुसत्या एमटीएस फाइली नकोत, कार्डावरचं सगळं फोल्डर हवं, कारण कुठला तुकडा कुठल्याच्या पुढे येतो ही माहिती त्या फोल्डरातल्या दुसऱ्या फाइलींत असते. कॅमेऱ्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्यातूनच आयात करा, ते तिन्ही तुकडे एकसंध करून देतं. ते नसेल तर, हे तीन तुकडे एकाच सलग रेकॉर्डिंगचे असल्याची खात्री करून, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधल्या कॉपी आज्ञेने बायनरी पद्धतीने एकामागे एक चिकटवा. तुटलेल्या फ्रेम आणि तुटलेली आवाजाची पाकिटं पुन्हा अखंड होतात आणि तुमच्या तीन भागांचा एकच भाग होतो. मधे कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला असेल तर ही युक्ती वापरू नका, तिथे वेळेची मोजणी तुटलेली असते.

मूळ कार्ड पुसून गेलं असेल आणि हाताशी फक्त एमपी4 असतील, तरी काम होतं, पण मोजमाप करावं लागतं. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि प्रत्येक भागाबद्दल चार गोष्टी वहीत लिहा: चित्राची लांबी, आवाजाची लांबी, आवाजाचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो किलोहर्ट्झमध्ये दिसतो), आणि फ्रेम रेट कॉन्स्टंट (ठरलेला) आहे की व्हेरिएबल (बदलता). चित्र आणि आवाजाच्या लांबीत फरक दिसला की जोड का सरकतो त्याचा निम्मा उलगडा झाला.

उरलेला निम्मा डोळ्यांनी आणि कानांनी. चित्रात दिसेल आणि आवाजातही टोकदार येईल अशी खूण शोधा. ओठांवर जाऊ नका, ओठ फसवतात. आपल्या कार्यक्रमांत अशा खुणांची कमी नाही: फोडलेला नारळ, टाळी, तबल्याची थाप, ताम्हणावर आपटलेली पळी. सगळ्यांत चांगला नारळच. आपटण्याची फ्रेम बरोबर सापडते आणि आवाजाच्या आलेखात त्याचा सुळका उभा राहतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये भाग चालवा आणि जे व के या कळा दाबून आवाज 50 मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी मागेपुढे करा. जुळला की आकडा लिहा. असं प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाला एकदा. दोन्ही आकडे सारखे आले तर पायरी, शेवटचा मोठा आला तर उतार. मधल्याच कुठल्यातरी क्षणी अचानक उडी असेल तर तिथे फ्रेम गळल्यात. तो भाग तिथेच दोन करायचा आणि दोन वेगळे भाग समजून चालायचं.

किती जुळवायचं, असं दुकानातली मुलं विचारतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने प्रसारणासाठी जे मोजून ठेवलंय त्याप्रमाणे आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला खटकतो, पण मागे आला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत सहसा कळत नाही. कारण सृष्टीतच आवाज उशिरा येतो. 34 मीटर दूर बसलेल्याला थाप दशांश सेकंदाने उशिरा ऐकू येते आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे राहू द्या, पुढे कधीच नाही. हॉलच्या मागच्या टोकाला कॅमेरा ठेवून त्याच्याच माइकवर आवाज घेतला असेल तर तेवढा उशीर फाइलीचा दोष नसतो, तो जसा आहे तसा राहू द्यावा.

पायरी असलेल्या भागाची वेव्ह फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, मोजलेला जादा तुकडा सुरुवातीचा कापायचा, आणि शेवटाला कापून किंवा शांतता भरून आवाजाची लांबी चित्राच्या लांबीएवढी करायची. हे शेवटचं काम लोक गाळतात, आणि मग पुढच्या भागात तोच फरक पुन्हा उगवतो. भागाच्या शेवटी मंत्र किंवा गाणं चालू असेल तर निव्वळ शांतता टोचते. तिथे त्याच हॉलच्या गुणगुणीचा, पंख्याच्या आवाजाचा, एक छोटा तुकडा भरा.

आता चौथा भाग. मोबाइल सांगतो 30 फ्रेम, पण नेमाने 30 घेत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो, पुन्हा वाढवतो. कुठली फ्रेम कधी दाखवायची ते प्रत्येक फ्रेमसोबत लिहून ठेवतो. हीच व्हेरिएबल फ्रेम रेटची भानगड. काही कन्व्हर्टर ही नोंद वाचतच नाहीत, सगळ्या फ्रेम सेकंदाला 30च्या ठोक्याने लावून मोकळे होतात. हिशेब करा: 20 मिनिटांत सरासरी 29.95 फ्रेम आल्या तर एकूण 35,940 झाल्या. त्या 30च्या ठोक्याने 1,198 सेकंदांतच संपतात आणि आवाज मात्र पूर्ण 1,200 सेकंदांचा. म्हणजे चित्र दोन सेकंद आधी संपलं. तुम्ही लिहिलेली घसरण नेमकी एवढीच आहे.

इथे आवाजाला हात लावू नका. आवाज खरा आहे, चित्राची वेळ खोटी झाली आहे. मोबाइलची मूळ फाइल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको, ती पुन्हा दाबलेली असते. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये फ्रेम रेट 25 निवडा आणि त्याखालचा कॉन्स्टंट हा पर्याय लावा. ते सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचून हवी तिथे फ्रेम गाळतं किंवा दुहेरी करतं, त्यामुळे लांबी खरी राहते. 30चे 25 करताना कॅमेरा वळवलेल्या ठिकाणी चित्र जरासं अडखळतं, ते चालवून घ्यावं.

मूळ फाइल हाती नसेल आणि चित्र आधीच आकसलेलं असेल तरच आवाज आकसवायचा. 1,200चे 1,198 म्हणजे सहाव्या हिश्शाएवढा टक्का. ऑडॅसिटीत दोन पर्याय दिसतील, चेंज टेम्पो आणि चेंज स्पीड. टेम्पोने सूर हलत नाही म्हणून सगळे तिकडे जातात. एवढ्या लहान फरकाला मी स्पीडच वापरतो: सूर चढतो तो अर्ध्या स्वराच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी, कोणाच्या कानाला लागत नाही, आणि थापेची, टाळीची धार शाबूत राहते. टेम्पो ती धार बोथट करतो. मात्र 24 फ्रेमचं चित्र 25वर नेलं असेल तर फरक 4 टक्क्यांवर जातो, सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊण हिश्शाने चढतो, गाणाऱ्या बाईंचा आवाज परका वाटायला लागतो. तिथे टेम्पोच हवा.

तुमच्या प्रश्नात नाही, पण सॅम्पलिंग रेटबद्दल दोन शब्द सांगतोच, कारण जुन्या लग्नाच्या कॅसेटी आणि व्हीसीडी घेऊन येणारे अजून खूप आहेत. डीव्हीडी-व्हिडिओला आवाज 48 किलोहर्ट्झच लागतो. व्हीसीडीवर तो 44.1 असतो. एक लग्न दोन-तीन व्हीसीडींत, त्यांतली डॅट फाइल काढून थेट डीव्हीडीत टाकली आणि सॉफ्टवेअरने 44.1ला 48 समजून वाजवलं, तर तासाभराचा आवाज 55 मिनिटांतच संपतो आणि नवरदेवाच्या वडिलांचा आवाज पोरासारखा होतो. नीट रीसॅम्पल करायचं, म्हणजे आवाजाचे नमुनेच 48ला नव्याने काढायचे, नुसतं लेबल बदलायचं नाही. व्हीसीडीचं 352 बाय 288चं चित्र डीव्हीडीच्या नियमात बसतं, ते पुन्हा दाबून आणखी खराब करायची गरज नसते. बदलायचा तो फक्त आवाज. मिनीडीव्ही टेपांत वेगळी अडचण: एकाच टेपवर काही भाग 12 बिटांत 32 किलोहर्ट्झवर आणि काही 16 बिटांत 48वर घेतलेला सापडतो. तिथे मोड बदलला त्या जागी कॅप्चर थांबवून नवीन फाइल सुरू करावी. शिवाय घरगुती डीव्ही कॅमेऱ्यांत आवाजाची मोजणी चित्राच्या फ्रेमला घट्ट बांधलेली नसते, त्यामुळे तासाभराच्या टेपला थोडा उतार येतो. टेप सलग न घेता पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत घेतली तर तो उतार वाढायला जागाच मिळत नाही.

आता जोडायचं. पण त्याआधी विचारा, जोडायलाच हवं का? कॅमेऱ्याचा भाग आणि मोबाइलचा भाग यांत मधे तुटलेलं काही नाही: पूजा संपली, बॅटरी गेली, मग औक्षण मोबाइलवर आलं. मी असतो तर डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन वेगळे टायटल, म्हणजे डीव्हीडीवरचे दोन स्वतंत्र व्हिडिओ, केले असते आणि पहिला संपला की दुसरा आपोआप सुरू होईल असं ठेवलं असतं. टायटल नवं म्हणजे वेळेची मोजणी शून्यापासून, मागचा फरक पुढे वाहून येत नाही. मधे प्लेअर क्षणभर थांबतो एवढंच. गाणं किंवा भाषण मधेच तुटलेलं असेल तर मात्र जोड अटळ.

डीव्हीडीची मापं: पाल, 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, आवाज एसी3, 48 किलोहर्ट्झ, स्टिरिओला 192 किंवा 224 किलोबिट. 4.7 जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे तर चित्राला साधारण 4.8 मेगाबिट येतात, घरच्या कार्यक्रमाला पुरेसे. तयार फोल्डरात 1 जीबीच्या वर व्हीओबी फाइल (डीव्हीडीवरचं चित्र आणि आवाज हिच्यात असतो) जात नाही, ती ओळीने तुटलेली दिसेल. ते बरोबर आहे, त्यांना हात लावू नका. पुढे कधी या डीव्हीडीचं पुन्हा एमपी4 करायचं झालं तर त्या व्हीओबी एकेक करून कन्व्हर्ट करू नका, सगळं टायटल एकत्र द्या, नाहीतर आज जी पायरी काढली तीच परत येईल.

पहिली प्रत पुन्हा पुसता येणाऱ्या डिस्कवर राइट करा. संगणकावर जुळलेलं टीव्हीवर चुकतं असंही दिसेल, तेव्हा घाबरून फाइल बदलू नका. हल्लीचे टीव्ही चित्र सुधारायला वेळ घेतात. प्लेअरचा आवाज थेट होम थिएटरला जोडलेला असेल तर आवाज आधी आणि चित्र मागून येतं. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकून पाहा. तिथे जुळलं तर डिस्क बरोबर आहे. आत्याकडे जुना पेटीचा टीव्ही असेल तर हा प्रश्नच नाही.

उमरेडला पाठवण्याआधी पूर्ण डीव्हीडी बघत बसायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या तीन तुकड्यांचे दोन जोड, प्रत्येकी आधीचा आणि नंतरचा एक मिनिट, आणि मोबाइलच्या भागाची शेवटची तीन मिनिटं. तिथे औक्षणानंतरच्या टाळ्या असतील. पहिला हात आपटलेली फ्रेम आणि तिचा आवाज एकत्र आला की आत्यासाठीची डिस्क राइट करून फायनलाइझ करा, म्हणजे दुसऱ्या प्लेअरवर चालेल अशी बंद करा.